मल्लिक बाजारातली ठिणगी

कोलकात्याला येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. हावडा पूल, व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, न्यू मार्केटमधली खरेदी आणि परतीच्या गाडीत मांडीवर जपून धरलेला रसगुल्ल्यांचा डबा. यादी उत्तमच आहे, तिच्यातलं काही गाळू नका. फक्त एक सकाळ मोकळी ठेवा आणि माझ्याबरोबर मल्लिक बाजारात चला. हा बाजार पर्यटकांच्या नकाशावर सहसा नसतो. पण जुन्या मोटारींवर तुमचा जीव असेल, किंवा घरात एखादी ॲम्बॅसिडर किंवा फियाट पांघरूण घालून उभी असेल, तर इथे आल्याचं सार्थक होईल. आणि गाडीशी काही संबंध नसला, तरी घरातला मिक्सर बिघडल्यावर तो उघडून बघणारी व्यक्ती तुमच्या कुटुंबात असेलच. तिला नक्की आणा.

मराठ्यांच्या भीतीतून निघालेला रस्ता

पार्क स्ट्रीट पूर्वेकडे चालत गेलात की आचार्य जगदीशचंद्र बोस रोडचा मोठा चौक लागतो. जुनी माणसं या रस्त्याला अजून लोअर सर्क्युलर रोडच म्हणतात. या चौकाचा परिसर म्हणजे मल्लिक बाजार. चौकाच्या एका अंगाला साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री आहे. ती १७६७ साली सुरू झाली. उंच मनोरे आणि घुमट असलेल्या तिथल्या कबरींमध्ये संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स आणि बंगालच्या तरुण पिढीला प्रश्न विचारायला शिकवणारे डिरोझिओ विसावले आहेत. दुसऱ्या दफनभूमीत कवी मायकेल मधुसूदन दत्त आहेत. म्हणजे एका बाजूला गाढ शांतता आणि रस्ता ओलांडला की हातोड्यांचा ठणठणाट.

आपल्या दृष्टीने या रस्त्याची आणखी एक गंमत आहे. १७४०च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या. बंगालात त्यांना ‘बर्गी’ म्हणत आणि त्यांची धास्ती इतकी होती, की मुलांना झोपवतानाही त्यांचं नाव घेतलं जाई. कोलकात्याच्या रक्षणासाठी १७४२मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोच ‘मराठा डिच’. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्याच्या रेषेत सर्क्युलर रोड झाला. तेव्हा या रस्त्यावर कुणी तुम्हाला ‘कुठून आलात?’ विचारलं आणि तुम्ही ‘महाराष्ट्रातून’ म्हणालात, तर समोरचा हसून ‘ओ, बर्गी!’ म्हणेल. रागावू नका. त्यानंतर बहुधा चहा येतो.

लोखंडाचं जुनं घर

बाजारात शिरताना आधी वास येतो. जळक्या ऑइलचा, रॉकेलचा, ग्रीसचा आणि मधूनच बिर्याणीचा. दुकानं अरुंद आहेत. दारावर हेडलाइटच्या माळा, आत गिअरबॉक्सची चळत, फुटपाथवर मोटारींचे दरवाजे एकाला एक टेकवून ठेवलेले. ॲम्बॅसिडरचं गोल बॉनेट भिंतीशी उभं केलेलं दिसलं, तर ते दुकानाचा बोर्ड म्हणूनही चालून जातं.

पहिल्यांदा येणाऱ्याला हा सगळा भंगाराचा ढीग वाटतो. थोडा वेळ उभं राहिलं की त्यातली शिस्त दिसू लागते. एका दुकानात फक्त स्टीअरिंगचे भाग, दुसऱ्यात काचा, तिसऱ्यात रेडिएटर. वायरी आणि विजेचे भाग विकणारे वेगळेच. त्यांची दुकानं छोटी, पण डबे भरपूर. बिस्किटांच्या आणि दूध पावडरीच्या जुन्या डब्यांवर खडूने नावं लिहिलेली: पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप. आपण आलोय ते याच डब्यांसाठी.

आम्ही भवानीपुरात ज्यांच्या घरी भाड्याने राहतो, त्या घरमालकांना मी जेठू म्हणते आणि त्यांच्या पत्नीला जेठीमा. म्हणजे आपले काका-काकू, वडिलांपेक्षा मोठे. त्यांच्या अंगणात १९७३ सालची पांढरी ॲम्बॅसिडर आहे, मार्क टू, पेट्रोलवर चालणारी. गेल्या पावसाळ्यात या गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सुरू व्हायची, पार्क सर्कसपर्यंत नीट जायची आणि इंजिन तापलं की सिग्नलला बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. पावसात तर सुरूच व्हायची नाही. एकाने कार्ब्युरेटर साफ केला, दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलला. दुखणं तसंच राहिलं.

त्यातच नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली. खासगी गाडी १५ वर्षांची झाली की पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. बंगळुरूला असलेला त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, आता पुरे. भंगारात देऊन टाका. आईसाठी टॅक्सी बोलवत जा.” त्याचं चुकत नव्हतं. ऐंशीच्या घरातले आईवडील भर पुलावर बंद गाडीत अडकलेत, हे चित्र कुठल्याही मुलाची झोप उडवेल.

पण जेठीमांचे गुडघे वाकत नाहीत. आजकालच्या बुटक्या गाड्यांमध्ये बसायचं म्हणजे आधी खाली बसल्यासारखं व्हायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. ॲम्बॅसिडरची सीट उंच, दार रुंद आणि छत डोक्यापासून लांब. त्या गाडीकडे पाठ करून टेकतात आणि वळतात, झालं. उत्तरपाड्याला राहणाऱ्या बहिणीला भेटायला त्या याच गाडीने जातात. गाडी गेली तर ती भेटही गेली. म्हणून जेठूंनी ठरवलं, पूजेच्या आधी एकदा शेवटचं नीट बघायचं. बरी झाली तर नूतनीकरण करायचं, नाहीतर निरोप द्यायचा.

ठिणगीचा प्रवास

बाजारात पुढे जाण्याआधी दोन मिनिटं भाराचा चहा घेऊ. भार म्हणजे मातीचं छोटं भांडं. तेवढ्या वेळात गाडीत ठिणगी कशी पडते ते सांगते. मुलांना हे फार आवडतं.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण दाबलं जातं आणि योग्य क्षणी स्पार्क प्लग त्यात ठिणगी टाकतो. ठिणगीला हजारो व्होल्ट लागतात, बॅटरी मात्र १२ व्होल्टची. हा फरक भरून काढते ती कॉइल. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक कमी फेऱ्यांचं आणि दुसरं खूप जास्त फेऱ्यांचं. पहिल्या वेटोळ्यातून बॅटरीची वीज वाहते तेव्हा चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ती वीज एकदम तोडली की ते क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात दहा-वीस हजार व्होल्टचा झटका उमटतो.

वीज तोडायचं काम ‘पॉइंट’ करतात. पॉइंट म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या दोन बारीक टिकल्या. खाली फिरणारा चौकोनी दांडा त्यांना उघडतो आणि मिटू देतो. शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना वीज त्या फटीतून उडी मारू बघते, तिला कंडेन्सर स्वतःकडे घेतो. त्यामुळे टिकल्या जळत नाहीत आणि वीज झटकन तुटते. मग कॉइलचा मोठा झटका जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात, म्हणजे कॅपमध्ये येतो. आत रोटर फिरत असतो. तो पंगतीत वाढणाऱ्यासारखा प्रत्येक प्लगच्या वायरीला आपापला वाटा देत जातो. ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनात वाढण्याचा क्रम आहे एक, तीन, चार, दोन.

आता थोडं गणित. चार सिलिंडरचं असं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला १००. त्या दोन टिकल्या सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. झिजल्या तर त्यांना नावं कशाला ठेवायची?

जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेलको’ म्हणतात, हे तुम्ही गॅरेजमध्ये ऐकलं असेल. हा शब्द अमेरिकेतल्या डेल्को कंपनीचा. तिथल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत मोटारीसाठी उभी केली. कंपनीचं नाव आपल्याकडे सुट्या भागाचं नाव होऊन राहिलं, जसा वनस्पती तुपाचा ‘डालडा’ झाला.

टॅक्सी पिवळी, पण ठिणगीविना

तुम्ही म्हणाल, कोलकात्यात ॲम्बॅसिडरच्या पिवळ्या टॅक्सी एवढ्या होत्या, मग तिच्या भागांना काय तोटा? इथेच खरी मेख आहे. यातल्या बऱ्याच टॅक्सी डिझेलवर चालणाऱ्या. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि फवारलेलं डिझेल पेट घेतं. ठिणगी लागतच नाही. म्हणजे पॉइंट नाहीत, कॉइल नाही, डेलको नाही. पेट्रोलवरची ॲम्बॅसिडर प्रामुख्याने घरांमध्ये आणि सरकारी कचेऱ्यांत होती, आणि ती आता फार थोडी उरली आहे.

शिवाय व्यावसायिक गाड्यांना इथे १५ वर्षांची मर्यादा आहे आणि ॲम्बॅसिडर बनणं २०१४मध्येच थांबलं. त्यामुळे पिवळ्या टॅक्सी झपाट्याने कमी होताहेत. टॅक्सी गेल्या की त्यांच्यासाठी ब्रेक, स्प्रिंगा, दरवाजे ठेवणारी दुकानं कमी होणार, आणि दुकानं कमी झाली की घरगुती गाड्यांचेही हाल. बाजारातले एक वयस्क दुकानदार, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, हे फार साधेपणाने सांगतात, “बेटी, गाडी पुर्जे से पहले नहीं मरती.” म्हणजे गाडी भंगारात जाण्याआधी तिचे भाग बाजारातून जातात.

चाचांच्या गल्ल्यावर

जेठू, त्यांचे नेहमीचे मिस्त्रीदा आणि मी अशी आमची वरात चाचांकडे पोचली. मिस्त्रीदांनी दोन दिवस आधी दुखणं शोधलं होतं. त्यांची युक्ती घरी लिहून ठेवण्यासारखी आहे. गाडी तापून बंद पडली की थंड होऊ द्यायची नाही, त्याच क्षणी ठिणगी तपासायची. कारण थंड झाली की पुरावा जातो. ठिणगी ठणठणीत असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला, ठिणगी नसेल किंवा मरतुकडी पिवळट असेल तर दोष विजेच्या बाजूला. जेठूंच्या गाडीत ठिणगी पिवळट होती. कॅप उघडल्यावर आतल्या बाजूला केसासारखी बारीक काळी रेघ दिसली. तडा होता तो. पावसाळ्यात त्यात ओल धरायची आणि झटका प्लगकडे जायच्या ऐवजी त्या रेघेतून पळायचा. पॉइंटच्या एका टिकलीवर खड्डा आणि दुसरीवर उंचवटा होता. ही बहुधा कंडेन्सर थकल्याची खूण.

चाचांनी आधी विचारलं, “नमुना लाये?” हाच बाजाराचा पहिला नियम. जुना भाग सोबत आणायचा. गाडीचं वर्ष आणि मॉडेल सांगून भागत नाही, कारण पन्नास वर्षांत कुणी कुठला डेलको बसवला असेल याचा भरवसा नाही. मिस्त्रीदांनी रुमाल सोडला. त्यात जुनी कॅप, रोटर, पॉइंट आणि कंडेन्सर होते. चाचांनी चष्मा वर केला, पॉइंट डोळ्यांजवळ नेले आणि दूध पावडरीचा तिसरा डबा खाली काढला.

इथे घेताना काय बघायचं, ते चाचांकडून आणि मिस्त्रीदांकडून ऐकलेलं तुम्हाला सांगते.

रोटर दोन प्रकारचे मिळतात. काहींच्या पितळी पट्टीला मधोमध रिव्हेट ठोकलेला असतो. स्वस्तातल्या अशा रोटरमध्ये झटका रिव्हेटमधून थेट खालच्या दांड्यात उतरू शकतो आणि गाडी अचानक बंद पडते. रिव्हेट नसलेला, भरीव बांधणीचा रोटर मिळाला तर तोच घ्या.

कॅपच्या आत मध्यभागी कोळशाची बारीक कांडी असते, स्प्रिंगवर बसवलेली. ती बोटाने दाबली की आत जाऊन परत वर यायला हवी. उजेडात धरून तडे बघा.

कंडेन्सर वरून बघून कळत नाही. म्हणून दोन घ्या, एक गाडीत आणि एक डिकीत. जुना, पण चालता निघाला तर तोही टाकू नका.

कॉइल घेताना बॅलास्टची आहे का, ते विचारा. काही कॉइल बाहेरच्या रेझिस्टरसोबत वापरायच्या असतात. तशी कॉइल साध्या गाडीत थेट जोडली तर ती तापते आणि पॉइंट जळतात. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याचा रोध साधारण तीन ओहम असतो, बॅलास्टवालीचा सुमारे दीड. मल्टिमीटर असेल तर दुकानातच मोजता येतं. कुणी वाईट वाटून घेत नाही.

प्लगच्या वायरी वाकवून बघा. कडक झालेली, सालपट सुटणारी वायर नको.

जेठूंना चाचांनी पॉइंटचा जो संच दिला, तो खोक्याचा रंग उडालेला, पण कधीच न वापरलेला होता. किंमत त्यांनी एकदाच सांगितली. जेठू घासाघीस करणारे गृहस्थ, त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चाचा म्हणाले, “बाबू, हा माझ्याकडचा शेवटून दुसरा आहे.” जेठूंनी पैसे मोजले आणि शेवटचाही घेतला.

गल्लीतली शस्त्रक्रिया

दुसऱ्या दिवशी अंगणात काम झालं. गल्लीतली मुलं, दोन शेजारी आणि गच्चीवरून जेठीमा, असा प्रेक्षकवर्ग होता. तुमच्याकडे जाणकार मिस्त्री असेल तर त्याच्याशेजारी उभं राहून तुम्हीही हे बघू शकता. मोठ्या झटक्याचं काम असल्याने लहान मुलांना लांब ठेवा. ज्यांना पेसमेकर बसवलाय, त्यांनी चालू इंजिनाच्या ठिणगीजवळ जाऊच नये.

मिस्त्रीदांनी आधी बॅटरीची तार काढली. मग जुन्या कॅपमधून एकेक वायर काढून लगेच नव्या कॅपच्या त्याच जागी लावली. सगळ्या वायरी एकदम काढल्या तर क्रम चुकतो आणि इंजिन खोकत बसतं. नव्या पॉइंटच्या टिकल्या त्यांनी पेट्रोलच्या चिंधीने पुसल्या, कारण गंजू नयेत म्हणून त्यांना लावलेला लेप तसाच राहिला तर वीज वाहत नाही. पॉइंटच्या खुंटीवर बारीक वॉशर असतात, ज्यांतून वीज जात नाही. ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवायचे. कॉइलकडून येणारी तार आणि कंडेन्सरची तार खुंटीच्या लोखंडाला कुठेही टेकता कामा नये. टेकली की ठिणगी गायब. मिस्त्रीदा म्हणाले, नवे पॉइंट टाकल्यावर गाडी सुरूच होत नाही, अशी तक्रार आली की ते आधी इथेच बघतात.

मग फट. स्टार्टिंग हँडल लावून त्यांनी इंजिन हाताने हळूहळू फिरवलं, पॉइंट पुरते उघडतील तिथवर. फिलर गेजची पोलादी पट्टी फटीत सरकवली. या डेलकोसाठी फट १४ ते १६ थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या चौदा ते सोळा पट. आपल्या मापात ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पट्टी आत जाताना किंचित अडली पाहिजे. अगदी सैल नको आणि ओढावीही लागू नये. लोणी कापणाऱ्या सुरीसारखी, हे त्यांचंच वर्णन. प्लगची फट २५ थाऊ, सुमारे ०.६ मिलिमीटर.

काढलेले प्लग त्यांनी ओळीने पायरीवर मांडले आणि मुलांना वाचायला शिकवले. टोक फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलसर तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पांढरं फटक म्हणजे फार तापतंय. चारपैकी तीन तपकिरी होते, चौथा किंचित काळा. “इंजिन अजून तरुण आहे,” मिस्त्रीदा गच्चीकडे बघून मोठ्याने म्हणाले.

शेवटी टायमिंग. पॉइंटची फट बदलली की ठिणगीची वेळही सरकते. फट वाढली तर ठिणगी लवकर पडते, कमी झाली तर उशिरा. म्हणून आधी फट, मगच टायमिंग. मिस्त्रीदांनी बॅटरीची तार परत जोडली, हँडलने इंजिन टायमिंगच्या खुणेवर आणलं आणि छोट्या दिव्याची एक तार कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावली. किल्ली फिरवली. पॉइंट मिटलेले तेव्हा दिवा बंद. मग डेलको हळूहळू फिरवत नेला आणि दिवा लागला, त्याच क्षणी बोल्ट आवळला. काम झाल्याबरोबर किल्ली बंद केली. इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर कॉइल तापून खराब होते. हे एवढं तरी प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने पाठ करावं.

सेल्फ मारला. इंजिन दुसऱ्या फेऱ्याला धरलं. जेठू काहीच बोलले नाहीत, त्यांनी फक्त बॉनेटवर तळवा ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच होता.

पण अंगणात सुरू होणं म्हणजे परीक्षा पास होणं नव्हे. मुलाला सांगायचं तर पुरावा हवा. म्हणून पुढचे पंधरा दिवस जेठूंनी एका वहीत रोज लिहिलं: तारीख, किती किलोमीटर, किती वेळ सिग्नलला उभी, पाऊस होता का, बंद पडली का. भर दुपारच्या गर्दीत मां फ्लायओव्हर, संततधार पावसात गरियाहाट. ‘बंद पडली का’ या रकान्यात पंधरा दिवस एकच शब्द होता, ‘ना’. त्या पानाचा फोटो बंगळुरूला गेला. मुलाचा फोन आला, “ठीक आहे बाबा, पाच वर्षं. पण रात्री उशिरा चालवायची नाही आणि पाऊस असेल तर एकट्याने जायचं नाही.” जेठूंनी दोन्ही अटी मान्य केल्या. एखाद्या जुन्या गाडीचा निकाल असाच लागावा असं मला वाटतं, रुसवेफुगवे न करता आणि दोन्ही बाजूंचं ऐकून.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवावा का, हा प्रश्न तुम्हाला पडेल. त्यात टिकल्यांच्या जागी सेन्सर येतो, झीज नाही आणि वरचेवर फट बघायला नको. रोज लांब जाणाऱ्याला तो सोयीचा. पण तो बिघडला तर रस्त्यात दुरुस्त होत नाही, पॉइंट मात्र पॉलिश पेपरच्या तुकड्यानेही घरापर्यंत आणतात. संच बसवलात तरी जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत असू द्या.

गाडीचं माहेर

मल्लिक बाजार बघून झाला की दुसऱ्या दिवशी हावड्याहून लोकल पकडा. लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, आणि मग येतं ‘हिंदमोटर’. होय, स्टेशनचंच नाव. हिंदुस्तान मोटर्सची सुरुवात १९४२मध्ये गुजरातेत ओखा बंदरात झाली आणि १९४८मध्ये ती इथे उत्तरपाड्याला आली. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून घडलेली ॲम्बॅसिडर १९५७पासून इथेच बनली, सत्तावन्न वर्षं. आता कारखाना बंद आहे. बघण्यासारखं म्हणून तिकीट काढून आत जायची सोय नाही. पण लोकलच्या उद्घोषणेत गाडीच्या कारखान्याचं नाव ऐकू येतं, हेच जुन्या गाडीच्या प्रेमिकाला पुरेसं असतं.

तिथून मागे उत्तरपाड्याला या. १८५९ साली सुरू झालेलं जयकृष्ण ग्रंथालय गंगेच्या काठी उभं आहे. लोकांसाठी मोफत उघडलेल्या आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथालयांपैकी ते एक. पांढरे उंच खांब, समोर नदी. मग बाली पुलावरून पलीकडे दक्षिणेश्वर.

पूजेच्या आधीच्या रविवारी जेठीमा याच वाटेने, उलट दिशेने, बहिणीकडे गेल्या. पांढऱ्या ॲम्बॅसिडरने. बहिणीच्या घरापासून कारखाना जवळ आहे, त्यामुळे जेठू म्हणतात, “ती बहिणीकडे जाते आणि गाडी माहेरी.”

निघण्यापूर्वी

मल्लिक बाजारात सकाळी अकराच्या पुढे जा, रविवार टाळा. बंगाली येत नसेल तर हिंदी चालतं. फोटो काढण्याआधी विचारा. पायांत बंद बूट हवेत, कारण जमिनीवर लोखंडाचे तुकडे असतात. मुलांना आधी दफनभूमीतली झाडं आणि कबरी दाखवा, मग बाजार आणि मग चौकातल्या ‘शिराज’मध्ये बिर्याणी. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा असतो. मुलं त्यावरून भांडतात, म्हणून सुरुवातीलाच जास्तीचा मागवा.

आणि घरी गाडी असेल, तर निघताना तिचे जुने पॉइंट रुमालात बांधून आणा. कदाचित तुमच्या गाडीचाही शेवटून दुसरा खोका कुठल्यातरी डब्यात अजून शिल्लक असेल.